देणगी देण्यापूर्वी नागपुरातील न्यासाचा हिशेब कसा तपासावा?

आपण ज्या संस्थेला देणगी देऊ इच्छिता, तिचा व्यवहार सार्वजनिक कागदपत्रांवरून कसा पारखावा, असे आपण विचारले आहे. प्रथम संस्थेकडून नोंदणी क्रमांक घ्यावा आणि नागपूरच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात अर्ज व शुल्क देऊन किमान तीन वर्षांचे ताळेबंद, जमाखर्च पत्रके आणि लेखापरीक्षण अहवाल यांच्या नकला मागाव्यात.

बहुतेक जण केवळ एकूण खर्चाचा आकडा पाहतात. माझ्या मते लेखापरीक्षकाच्या अहवालातील ठरावीक प्रश्नांची उत्तरे अधिक बोलकी असतात. एखादा विश्वस्त न्यासाचा ऋणको (कर्जदार) किंवा धनको (कर्ज देणारा) आहे का आणि न्यासाच्या गुंतवणुकीत कोणाचा वैयक्तिक हितसंबंध आहे का, हे तेथे स्पष्ट लिहावे लागते. ‘इतर खर्च’ या एकाच शीर्षाखाली मोठी रक्कम असेल, किंवा विश्वस्तांना दिलेली उचल वर्षानुवर्षे तशीच पुढे ओढली जात असेल, तर लेखी खुलासा अवश्य मागावा. विश्वस्त बदलल्याचे धर्मादाय कार्यालयाला ९० दिवसांत कळवणे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार बंधनकारक असल्याने तेही पडताळावे.

परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेचे वार्षिक विवरण स्वतंत्रपणे पाहावे. परदेशी निधीविषयीच्या केंद्रीय कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर त्या निधीतून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. मात्र पगारावरचा खर्च दिसला म्हणून लगेच संशय घेऊ नये, कारण रुग्णसेवा किंवा शिक्षण माणसांकडूनच घडते.