गोव्यात रोजच्या स्कूटरसाठी ओपन फेस हेल्मेट घ्यावं की फुल फेस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणं डिचोलीला, नोकरी पणजीत, रोज स्कूटरने जाणं-येणं, डोळ्यांना चष्मा. ऑफिसातले लोक सांगतात की गोव्याच्या उकाड्यात फुल फेस सहन होत नाही, त्यात हॉर्न ऐकू येत नाही आणि पडलं तर मान मोडते, म्हणून ओपन फेसच बरं. बजेट दोन हजार.

फुल फेस घ्या, म्हणजे हनुवटीपुढेही कडक कमान असलेलं. मी फोंड्याला दातांची डॉक्टर आहे. तेव्हा या प्रश्नाकडे मी हनुवटीच्या बाजूने बघते. ती बाजू सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुचाकीवरून माणूस बऱ्याचदा पुढच्या दिशेने फेकला जातो. वळणावर गुरं बसलेली असतात, जोरात ब्रेक दाबला जातो, पुढचं चाक घसरतं. आधी हात पुढे जातात, त्यामागोमाग तोंड. ओपन फेस हेल्मेट कपाळ, टाळू, कान आणि डोक्याची मागची बाजू चांगली झाकतं. पण भुवयांपासून हनुवटीपर्यंत पुढे असते ती फक्त काच. ती धूळ आणि वारा अडवते. रस्त्याचा मार अडवायला ती बनवलेलीच नसते.

खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखं वळलेलं एक सलग हाड. हनुवटी डांबरावर आपटली की मार तिथेच थांबत नाही. तो दोन्ही बाजूंनी हाडातून वर जातो आणि कानाच्या अगदी पुढे, जिथे जबड्याची बारीक मान सांध्यात बसते, तिथे हाड मोडू शकतं. कधी एका बाजूला, कधी दोन्ही बाजूंना. बाहेरून दिसते ती हनुवटीखालची टाके घातलेली छोटीशी जखम. घरचे म्हणतात, देवाच्या कृपेने थोडक्यात निभावलं. मग काही दिवसांनी तो मुलगा दवाखान्यात येतो आणि म्हणतो, डॉक्टर, दात नीट जुळत नाहीत, चावता येत नाही. मी दोन्ही हातांची बोटं त्याच्या कानांपुढे ठेवते आणि हळूहळू तोंड उघडायला सांगते. एका बाजूचा सांधा बोटाखाली पुढे सरकलेला जाणवतो. दुसऱ्या बाजूला काहीच हलत नाही, आणि हनुवटी त्या बाजूला वाकडी होत जाते. एक्स-रे काढून येईपर्यंत मला काय ते कळलेलं असतं. पुढचे उपचार बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात.

उपचार म्हणजे काय, तेही ऐका. वरच्या आणि खालच्या दातांवर धातूच्या पट्ट्या बांधतात आणि तारेने किंवा रबराने दोन्ही जबडे एकमेकांना जखडून ठेवतात. काहींना शस्त्रक्रिया करून टायटॅनियमची पट्टी बसवावी लागते. जबडा बांधलेला असतो तेवढे आठवडे सगळं पातळ: पेजेचं पाणी, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, तेही दातांच्या फटीतून ओढायचं. घरात हुमण-भात वाढला जातो आणि हा बाजूला पेज ओढत बसतो. तारेने बांधलेलं असेल तर घरी जाताना सोबत तार कापायची पक्कड देतात. उलटी झाली आणि तोंड उघडता आलं नाही तर जीव गुदमरेल, म्हणून ती रात्री उशाशी ठेवायची. हे सांगताना मी समोरच्या आईचा चेहरा बघते, आणि प्रत्येक वेळी वाटतं, हनुवटीपुढे हेल्मेटची कमान असती तर यातलं बरंच काही टळलं असतं.

पुढचे दात गेले तर तो खर्च वेगळा. एका दाताच्या इम्प्लांटच्या पैशांत चांगली बरीच हेल्मेटं येतात.

मी दवाखान्यात पाहते तेच अभ्यासातही दिसलं आहे. जर्मनीत हॅनोव्हरला दीटमार ओट यांनी प्रत्यक्ष अपघातांतल्या हेल्मेटांवर कुठे कुठे मार बसला याची नोंद केली. साधारण एक तृतीयांश मार हनुवटी आणि जबड्याच्या पट्ट्यात निघाले, म्हणजे ओपन फेसमध्ये जिथे काहीच नसतं नेमके तिथे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली आलेल्या त्यांच्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटाने संरक्षण वाढतं आणि चेहऱ्याच्या इजा बऱ्याच कमी होतात.

तुमच्या सहकाऱ्यांच्या दोन शंकांचं उत्तरही त्याच अहवालात आहे. हेल्मेटामुळे रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज ऐकू न आल्याचं त्यांना आढळलं नाही. मानेच्या इजा हेल्मेट घातलेल्यांना उलट कमी झालेल्या दिसल्या. चाळीसच्या वर वेग गेला की कानात भरतो तो वारा, आणि तो ओपन फेसमध्ये जास्त भरतो. बाजूचं दिसत नाही असंही कुणी म्हणेल. युरोपीय आणि अमेरिकन मानकांप्रमाणे फुल फेसमधूनही दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंत मोकळं दिसावं लागतं.

मानेला धोका होतो तो पडल्यानंतर, लोक धावत येऊन हेल्मेट ओढून काढतात तेव्हा. माणूस श्वास घेत असेल तर हेल्मेटाला हात लावू नये, काच वर करावी आणि १०८ ला फोन करावा. श्वासच अडकला असेल आणि काढावंच लागलं, तर एकाने मान आणि जबडा खालून घट्ट धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवत सावकाश काढायचं. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आता उकाडा. ही तक्रार खरी आहे, मी ती झटकून टाकणार नाही. एप्रिल-मेमध्ये पर्वरीच्या कोंडीत अडकलात तर फुल फेसमध्ये घाम गळतो. पण डोक्यावरचा थर्माकोलचा थर दोन्ही प्रकारांत असतोच. म्हणजे टाळू दोन्हीकडे सारखीच तापते, फरक पडतो तो तोंडाला लागणाऱ्या वाऱ्यात. म्हणून घेताना हनुवटीपुढे आणि कपाळावर हवेची झडप असलेलं घ्या, आणि मागून ती हवा बाहेर जायला वाट आहे ना तेही बघा. सिग्नलला काच वर, निघालात की खाली. चोडणमार्गे जात असाल तर फेरीबोटीत हेल्मेट काढून डोकं कोरडं करायला वेळ मिळतो. आत सुती टोपी घाला आणि ती रोज धुवा. अस्तर सुटं निघणारं असेल असंच मॉडेल घ्या. इथल्या दमट हवेत न धुतलेल्या अस्तराला वास येतो, बुरशी धरते, आणि मग माणूस हेल्मेट घालायचाच कंटाळा करतो. सौम्य साबणाने धुवून पंख्याखाली वाळवा.

पावसात तर फुल फेसची बाजू आणखी भक्कम होते. ओपन फेसच्या काचेखालून पाणी वर येतं, चष्मा भिजतो, आणि ट्रकच्या चाकाने उडवलेला चिखल थेट ओठांवर येतो. साखळी-डिचोलीकडच्या रस्त्यांवर खनिजाचे ट्रक चालू असले की त्या लाल चिखलाचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. फुल फेसमध्ये त्रास होतो तो वाफेचा. श्वासाने काच धुरकटते, चष्माही धुरकटतो. नाकावर श्वास खाली वळवणारा रबरी पडदा बसवता येतो, तो बसवून घ्या. काच अगदी बंद न करता एक खाच उघडी ठेवा. काचेला आतून पिनलॉकचा, म्हणजे वाफ धरू न देणारा, दुसरा पडदा बसत असेल तर उत्तमच, पण तो बहुधा तुमच्या बजेटबाहेर जाईल.

चष्म्यासाठी एकच गोष्ट: दुकानात स्वतःचा चष्मा लावून बघा. हेल्मेट आधी घालायचं, काच वर करायची, मग चष्म्याच्या काड्या गालांच्या गाद्यांमधून सरकवायच्या. कानावर दाबल्यासारखं झालं तर ते मॉडेल सोडा. पाच मिनिटांत दुखतंय ते तासाभरात डोकं उठवेल.

माप याहून महत्त्वाचं. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर टेपने मोजा. नवं हेल्मेट गालांना घट्ट बसायला हवं, इतकं की बोलताना गाल दातांखाली येतील असं वाटावं. गाद्या वापराने सैल होतात. मग पट्टा लावा आणि दुकानदाराला मागची कड धरून हेल्मेट पुढे ओढायला सांगा. डोक्यावरून निघालं तर ते कितीही महाग असो, घेऊ नका. हनुवटीच्या कमानीत आतून अंगठ्याने दाबून बघा. काही स्वस्त हेल्मेटांत तिथे नुसतं प्लॅस्टिक आणि वर मऊ फोम असतो. आत थर्माकोल असलेलं शोधा, कारण मार खाऊन चेपतो तो थर्माकोल. एकदा चेपला की तो परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसलं तरी टाकून द्यायचं. अपघात झाला नाही तरी साधारण पाच वर्षांनी बदलावं.

आयएसआय खूण तर हवीच, तिच्याजवळ आयएस ४१५१ (हेल्मेटाच्या भारतीय मानकाचा क्रमांक) आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. तो परवाना क्रमांक, ही खूण देणाऱ्या बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला पातळ टोप्या टांगलेल्या दिसतातच. चलन टाळायला म्हणून कुणी त्या घेत असेल तर त्याला अडवा. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट लागतं, आणि त्याच्या हनुवटीचं हाडही तुमच्याइतकंच नाजूक असतं.

फुल फेसमध्ये काही जणांना खरोखरच जीव घुसमटल्यासारखं होतं. माझ्याकडे येणाऱ्यांतही असे लोक आहेत, आणि त्यांना मी जबरदस्ती करत नाही. त्यांच्यासाठी हनुवटीची कमान वर उचलता येणारं फ्लिप-अप हेल्मेट आहे. ते थोडं जड आणि महाग असतं, आणि कमान खाली लॉक करून चालवलं तरच त्याचा उपयोग. तेही नको असेल तर आयएसआयचं, मापाचं, पट्टा लावलेलं ओपन फेस घाला. पट्टा न लावलेल्या फुल फेसपेक्षा ते केव्हाही बरं. कोपरात किंवा स्कूटरच्या आरशाला अडकवलेलं फुल फेस तर काहीच कामाचं नाही.

दोन हजारांत आयएसआयचं चांगलं फुल फेस सहज मिळतं. काच पांढरीच घ्या. डिचोलीहून सकाळी पणजीकडे निघालात की सूर्य बहुतेक पाठीशी असतो, संध्याकाळी परततानाही पाठीशीच. तुमच्या वाटेला काळ्या काचेची गरज नाही आणि अंधार पडल्यावर ती घातक ठरते. काच कधीही कोरड्या फडक्याने पुसू नका, आधी पाणी मारा. नाहीतर बारीक ओरखडे पडतात आणि पावसाळी रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या ओरखड्यांत पसरून पुढचं काहीच दिसत नाही. बजेटमधून पैसे उरले तर त्याच मॉडेलची एक जादा काच आत्ताच घेऊन ठेवा, ऐन पावसात दुकानात ती हमखास मिळेल असं नाही.