मोझांबिकच्या वादळग्रस्तांसाठी आमच्या कोल्हापुरातल्या चर्चने मदत मागितली आहे. कपडे द्यावेत की पैसे?

पैसेच द्या. कपडे इथून पाठवायचा खर्चच त्यांच्या किमतीहून जास्त होईल. मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळ बैरा शहराजवळ धडकलं, तेव्हा कापणीला आलेला मका पाण्याखाली गेला आणि पाठोपाठ कॉलरा पसरला. अशा वेळी लागतं शुद्ध पाणी, औषधं, छपराला पत्रे आणि पुढच्या हंगामाचं बियाणं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिरोळ-करवीरनं महापूर सोसला, त्यामुळे पाणी ओसरल्यावर काय हाल होतात हे आपल्याला कुणी सांगायला नको.

देण्याआधी पाळकसाहेबांना जरूर विचारा: पैसे तिथल्या कोणत्या संस्थेकडे जाणार, पावती मिळणार का, आणि काम पुढच्या पिकापर्यंत चालणार का? शेवटचा प्रश्न सोडू नका. बातम्या थांबल्या तरी त्या घरांत धान्य नसतंच.