क्राइम पॉडकास्ट ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवता येतं का?

माझ्या मते नाही. फार तर खटला नीट चालला का, एवढं कळतं. 'सीरियल' (2014) हा पॉडकास्ट घ्या. 1999 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला 'हे मिन ली' नावाच्या शाळकरी मुलीचा खून झाला. तिचा आधीचा बॉयफ्रेंड अदनान सय्यद तेव्हा 17 वर्षांचा. 2000 मध्ये त्याला जन्मठेप झाली.

सरकारी पक्षाची भिस्त होती अदनानच्या मोबाइलवरच्या संध्याकाळच्या दोन कॉलवर, ते लीकिन पार्कजवळच्या टॉवरवरून गेलेले. मृतदेह याच पार्कात सापडला. पण दोन्ही कॉल इनकमिंग, आणि मोबाइल कंपनीच्या फॅक्सवर चक्क छापलेलं: ठिकाणासाठी फक्त आउटगोइंग कॉल भरवशाचे! इथे श्रोता 'निर्दोष' म्हणून मोकळा होतो. मग 'मृतदेह पुरायला मी अदनानला मदत केली' म्हणणाऱ्या, पण जबानी बदलत राहिलेल्या सरकारी साक्षीदारानेच पोलिसांना मुलीची गाडी नेऊन दाखवली, त्याचं काय? (यावर लोक रात्र-रात्र भांडतात.)

2022 मध्ये दोषसिद्धी रद्द, 2023 मध्ये पुन्हा लागू. मार्च 2025 मध्ये, अदनानने तोवर भोगलेली शिक्षा कोर्टाने पुरेशी मानली. तो बाहेर आहे, पण कागदोपत्री दोषीच. आणि मुलीच्या घरचे त्या मालिकेत बोललेच नव्हते.