फिर्यादीआधी केसपेपर हाती घ्या

प्रश्न : माझे वडील (वय 68, सांगली) हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेतात. खोकला-तापावर जवळच्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवशी ते कोसळले, आयसीयूत ठेवावं लागलं. आता बरे आहेत. डॉक्टरांवर गुन्हा दाखल करता येईल का?

उत्तर : वडील वाचले, फार बरं वाटलं. तुमचा संताप मला समजतो, पण पोलिसांत जाऊ नका असंच मी सांगेन. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की डॉक्टरवरील फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दिसायला हवा, शिवाय दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मतही लागतं. भरपाईसाठी ग्राहक आयोगात जा. तिथे इतकी कडक कसोटी नाही.

सगळी केस एका गोष्टीवर उभी राहील : वडील अमिओडॅरोन घेतात हे त्या डॉक्टरांना माहीत होतं का? दोन्ही औषधं ईसीजीतला क्यूटी (प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबवतात आणि एकत्र आली तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात. ही धोक्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच असते, त्यामुळे 'या धोक्याची कल्पना नव्हती' हा बचाव टिकणं अवघड. तुम्ही जुनी फाइल दाखवली होती का? नसेल दाखवली तर वकिलाला तसंच सांगा. चालू औषधं विचारणं हे डॉक्टरांचंही काम आहे, पण उलटतपासणीत तुमचं खोटं उघडं पडलं तर सगळंच हातचं जाईल.

हॉस्पिटलकडे इनडोअर पेपर (भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदी) लेखी मागा, 72 तासांत द्यावे लागतात. ईसीजीच्या पट्ट्यांची झेरॉक्स आजच काढा, तो थर्मल कागद काही महिन्यांत पुसट होतो. आधीचा ईसीजी असेल तर तोही जोडा, फरक त्यातच दिसेल. पोटॅशियमचा रिपोर्ट विसरू नका. ते कमी असलं तरी ठोके बिघडतात, आणि समोरचा वकील नेमकं तेच पुढे करणार.

मेडिकलवाल्याचीही बाजू तपासा. लिव्होफ्लॉक्सॅसिन शेड्यूल एच-1 मधलं, म्हणजे विक्रीवर जादा नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतलं आहे, त्याच्या विक्रीची वेगळी नोंदवही दुकानदाराला 3 वर्षं ठेवावी लागते. अमिओडॅरोनही त्याच दुकानातून घेत असाल तर दोन्ही बिलं जपा. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, 2015 प्रमाणे औषधांची आपसातली प्रतिक्रिया पाहणं फार्मासिस्टचंही कर्तव्य आहे, म्हणून त्यालाही सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करता येईल.

तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगातच करता येते. उपचारासाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. मुदत घटनेपासून 2 वर्षांची. आधी हृदयरोगतज्ज्ञांचं लेखी मत घ्या, मगच नोटीस पाठवा.