गेम बॉयवरचा ‘बॅटमॅन फॉरेव्हर’: दोष पडद्याचा की गेमचा?

तुमचा प्रश्न असा आहे: मूळच्या राखाडी गेम बॉयवर (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र) ‘बॅटमॅन फॉरेव्हर’ लावला की बॅटमॅन मागच्या भिंतीत मिसळून जातो, बटण दाबल्यावर उशिरा हलतो आणि सुरुवातीलाच वर कसं जायचं ते कळत नाही, तर यंत्र बिघडलंय का? यंत्र बहुधा ठीक आहे. दिसण्याची तक्रार निम्मी पडद्यामुळे आहे आणि ती बऱ्यापैकी दूर करता येते. बाकीचं दुखणं गेमच्या आखणीतच आहे.

हा गेम १९९५ चा, प्रोबने बनवलेला आणि अक्लेमने बाजारात आणलेला. सुपर निन्टेंडो आणि मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर तो ‘मॉर्टल कॉम्बॅट’च्या धाटणीचा आहे: छायाचित्रांवरून घेतलेली मोठी माणसं, हातापायांची मारामारी, दिशा आणि बटणं जोडून काढायचे डाव. मेगा ड्राइव्ह आणि गेम बॉयसाठी ‘मॉर्टल कॉम्बॅट’ प्रोबनेच उतरवला होता, त्यामुळे हा साचा त्यांच्या हातात तयार होता. तोच साचा छोट्या पडद्यावर आणला, तिथे गाडं अडलं.

गेम बॉयचा पडदा १६० × १४४ पिक्सेलचा आणि छटा फक्त चार. हलत्या आकृत्यांना त्यातल्या तीनच वापरता येतात, कारण चौथी जागा पारदर्शकतेला जाते. छायाचित्रातला सावली-उजेड तीन छटांत बसवला की कडा उरत नाहीत. मागची भिंतही तशीच करडी असेल तर माणूस आणि भिंत वेगळी काढणार कशी? हाताने काढलेल्या चित्रात चित्रकार आकृतीभोवती एक पिक्सेलची काळी किंवा पांढरी रेघ ठेवतो आणि प्रश्न मिटतो. छायाचित्रात ती रेघ नसते.

पुढची अडचण आकाराची. या यंत्रात हलती आकृती ८ पिक्सेल रुंदीच्या तुकड्यांतून जोडावी लागते. पडद्यावर एका वेळी असे ४० तुकडे चालतात, पण एका आडव्या ओळीत फक्त १०. बॅटमॅन ३२ पिक्सेल रुंद धरला तर चार तुकडे त्याचेच. तेवढेच दोन गुंड शेजारी आले की बारा होतात, आणि वरचे दोन त्या ओळीत उमटतच नाहीत. मग गेमला एक तर आकृत्या लुकलुकत ठेवाव्या लागतात किंवा शत्रूच कमी आणावे लागतात.

हालचाल जड का वाटते, तेही यातच आहे. ३२ × ४८ पिक्सेलची एक मुद्रा, म्हणजे आकृतीची एक स्थिती, म्हणजे ८ × ८ चे २४ चौकोन, प्रत्येकी १६ बाइट, एकूण ३८४ बाइट. चित्रांच्या मेमरीत निवांतपणे लिहायला दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र एकदा बदलताना, जेमतेम १.१ मिलिसेकंद मिळतात, आणि मूळ गेम बॉयमध्ये ही नक्कल आपोआप करून देणारी सोय नाही, सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर. त्यामुळे एवढ्या मोठ्या आकृतीच्या मुद्रा मोजक्या ठेवाव्या लागतात. त्यात मारामारीच्या गेमचा नियम असा, की सुरू झालेला ठोसा पूर्ण झाल्याशिवाय पुढचं बटण ऐकलं जात नाही. समोरासमोरच्या झुंजीत हे शोभतं. उड्या मारत मजले चढायचे असतील तर फार त्रास होतो.

बटणांचा हिशेब तर सरळच आहे. सुपर निन्टेंडोच्या पॅडवर दिशा सोडून आठ बटणं, इथे चार, आणि त्यातलं स्टार्ट थांबण्यासाठी. वर चढायला बॅटमॅन दोर फेकतो. सुपर निन्टेंडोवर त्यासाठी सिलेक्ट लागतं, म्हणजे आठ बटणं असतानाही तो डाव आडवळणीच आहे. तुमच्याकडे माहितीपुस्तिका नसेल तर शत्रू नसलेल्या जागी उभं राहा, सिलेक्ट दाबून धरा आणि आठही दिशा एकेक करून पाहा. नंतर ए आणि बी सोबत तेच करा. दहा मिनिटं जातील, पण याशिवाय पुढे सरकता येत नाही.

यंत्रच कमजोर होतं, ही सबब मला पटत नाही. सनसॉफ्टचा ‘बॅटमॅन’ याच गेम बॉयवर १९९० मध्ये आला होता. त्यातला बॅटमॅन इवलासा आहे, चक्क बंदूक चालवतो, एका बटणाने उडी आणि दुसऱ्याने गोळी. मधला बॅटविंगचा (बॅटमॅनच्या विमानाचा) टप्पा तर आडवा सरकणारा विमानांचा गेम होऊन जातो. सुपरहीरोचा रुबाब त्यात कमी असेल, पण बोट आणि पडदा यांचं नातं घट्ट आहे. तुम्हाला गेम बॉयवर बॅटमॅन खेळायचाच असेल तर आधी तो घ्या.

‘फॉरेव्हर’च खेळायचा असेल तर यंत्र बदला. मूळ पडदा संथ आहे, हलती आकृती मागे शेपूट सोडते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीचं मागून उजेड देणारं मॉडेल, म्हणजे एजीएस-१०१, सगळ्यात बरं. गेम बॉय कलर किंवा अ‍ॅडव्हान्सवर यंत्र सुरू होताना ‘गेम बॉय’ हे नाव दिसत असतानाच डावी दिशा आणि बी एकत्र दाबा, शुद्ध करड्या छटा मिळतात. डावी-उजवी-वर-खाली एकटी किंवा ए-बी सोबत दाबून इतर रंगसंगतीही पाहा. आकृत्यांना आणि भिंतींना वेगळा रंग देणारी संगती या गेमला सर्वांत उपयोगी पडते. जुन्या यंत्रात आयपीएस पडदा (नव्या धाटणीचा, झटपट बदलणारा) बसवणार असाल तर एक लक्षात ठेवा: शेपूट जाईल, पण लुकलुकणं जास्त उठून दिसेल, कारण जुना संथ पडदा ते झाकत होता.

मूळ यंत्रावरच राहायचं असेल तर डाव्या कडेच्या चाकाने कॉन्ट्रास्ट आधी पूर्ण वाढवा आणि मग पार्श्वभूमीचा करडेपणा जाईपर्यंत हळूहळू उतरवा. गेम लावताच ‘निन्टेंडो’ या नावाच्या जागी काळा पट्टा उतरला आणि यंत्र तिथेच थांबलं तर ते गेमचं दुखणं नव्हे. यंत्र कार्ट्रिजमधलं (गेमच्या डबीतलं) नाव स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतं. संपर्क मळलेले असले की वाचनच होत नाही. फुंकर मारू नका, ओलाव्याने पिना गंजतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा) कापसाच्या काडीवर घेऊन ३२ पिना लांबीच्या दिशेने पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. तरी जमलं नाही तर ३.८ मिमीच्या गेमबिटने (अशा स्क्रूंसाठीचा खास पेचकस) कार्ट्रिजच्या मागचा एकच स्क्रू काढून आतली सर्किटची पट्टी बाहेर घ्या, पिनांचा वरचा भागही पुसता येतो.