परदेशातली पहिली गाडी: सगळ्यांकडे असते तीच घ्या

तुम्ही विचारलंय की तीन महिन्यांनी बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन परदेशी जाताय, तर पोचल्या पोचल्या कर्जावर नवी सात आसनी गाडी घ्यावी की आठेक वर्षांची छोटी जुनी? परवाना कसा बदलायचा, नोंदणी कुठे करायची हे त्या त्या देशाची सरकारी पानं नीट सांगतात. ते सोडून बाकीचं लिहितो. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा लांबेल.

जुनी घ्या. सहा ते नऊ वर्षांची, छोटी, आणि तुम्ही राहाल त्या भागात रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसते ती. मायदेशात गाडी बंद पडली की कुणीतरी येतं. मेहुणा येतो, शेजारी येतो, ओळखीचा मेकॅनिक येतो. नव्या ठिकाणी पहिली दोन वर्षं रात्री अकरा वाजता लावता येईल असा एकही नंबर फोनमध्ये नसतो. माणसांवर टाकायचा भरवसा तिथे गाडीवर टाकावा लागतो. एकटेपणाबद्दल एवढंच, त्यावर अजून लिहायला लागलो तर गाडी राहून जाईल.

रस्त्यावर भरपूर दिसणाऱ्या गाडीचे भाग कोणत्याही गॅरेजात मिळतात, जुने भागही मिळतात, आणि विकायची वेळ आली तर आठवड्यात जाते. टोयोटाची कोरोला १९६६ पासून निघते आहे आणि बहुतेक देशांत मिळते. यारिस, होंडा जॅझ (काही देशांत तिचं नाव फिट), माझदा ३, सुझुकी स्विफ्ट याही बघण्यासारख्या. जॅझच्या बऱ्याच पिढ्यांत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटांखाली असते, त्यामुळे मागच्या सीटची बैठक वर उचलून उभी सायकलसुद्धा मावते. मात्र नुसत्या नावावर जाऊ नका. त्याच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या देशांत वेगळं इंजिन आणि वेगळा गिअरबॉक्स असतो. शोध घ्यायचा तो इंजिनाच्या कोडचा.

इंजिन टर्बो नसलेलं, १.३ ते १.८ लिटरचं साधं पेट्रोल. टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) असेल तर बरं. तिच्या जागी रबरी बेल्ट असेल तर तो कधी बदलला याची पावती मागा, कारण बहुतेक आधुनिक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचं काम गाडीच्या किमतीएवढं होतं. किलोमीटर कमी असले तरी वर्षांची मुदत वेगळी मोजतात, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ऑइलमध्ये बुडालेला बेल्ट असलेली इंजिनं मी टाळतो. चुकीचं ऑइल पडलं तर बेल्ट झिजतो आणि त्याचा चुरा ऑइलच्या जाळीत अडकतो.

गिअरबॉक्समध्ये सगळ्यात निर्धास्त मॅन्युअल, मग टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक. ड्राय क्लचचा ड्युअल क्लच (दोन कोरडे क्लच असलेला ऑटोमॅटिक) गर्दीत सरकत राहिला की तापतो. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) चालेल, पण ऑइल वेळेवर बदलल्याचा पुरावा हवाच. टोयोटाच्या हायब्रिडला सीव्हीटी म्हणतात, पण त्यात पट्टा नसतो. आत प्लॅनेटरी गिअर असतात, वेगळा स्टार्टर नाही, ऑल्टरनेटर नाही, क्लच नाही. गर्दीच्या गावात ती उत्तम. घेताना मागच्या सीटजवळची बॅटरीच्या हवेची जाळी बघा. धुळीने किंवा कुत्र्याच्या केसांनी ती बुजलेली असेल तर बॅटरी वर्षानुवर्षं तापत आली आहे असं समजा.

ॲव्हरेजचा हिशोब तिथे उलटा असतो. अनेक देशांत १०० किलोमीटरला किती लिटर ते सांगतात, तेव्हा १०० ला त्या आकड्याने भागा. ५ म्हणजे लिटरला २०, ६.५ म्हणजे साधारण १५.४. मैल आणि गॅलन दिसले तर गॅलन कोणता ते विचारा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ चा, त्यामुळे एकाच गाडीचा ब्रिटिश आकडा २० टक्के मोठा दिसतो. आणि त्यात वाहवत जाऊ नका. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले तर ५ आणि ६.५ मधला फरक १८० लिटरचा. त्याला तिथल्या पेट्रोलच्या दराने गुणा आणि त्या रकमेशेजारी गिअरबॉक्सच्या एका दुरुस्तीचं बिल ठेवा. नव्या गाडीची पहिल्या तीन वर्षांत उतरणारी किंमत या सगळ्यापेक्षा मोठी, आणि ती हप्ते भरताना दिसतही नाही.

आता शाळा. शाळा ठरेपर्यंत गाडी घेऊ नका. पुष्कळ ठिकाणी शाळा घराच्या पत्त्यावर आणि रिकाम्या जागेवर मिळते, वर्षाच्या मध्ये पोचलात तर उरलेली मिळते. ती दोन किलोमीटरवर असेल किंवा बारा. दोन किलोमीटर असेल तर डिझेल बिलकूल नको. इतक्या अंतरात इंजिन तापतच नाही, धुराड्यातला डीपीएफ फिल्टर काजळी जाळू शकत नाही, आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी चक्क वाढते. मोठ्या रस्त्यावर वरचेवर वीसेक मिनिटं सलग पळवता येत असेल तरच डिझेलचा विचार करा. बारा किलोमीटर असेल तर बसही बघा. आणि एक सांगून टाकतो, कारण ते मला अजून खुपतं. त्या महिन्यांत आईबाप अर्ज, लसीकरणाचे दाखले, पत्त्याचे पुरावे यांत इतके बुडतात की मुलाला वर्गात कसं वाटतंय हे विचारायचंच राहून जातं. गाडी दोन महिने उशिरा घ्या. तोवर तिच्याबरोबर चालत जा, बसने जा.

मुलीची बूस्टर सीट (पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक) इथून नेऊ नका. मान्यतेचा शिक्का ठिकठिकाणी वेगळा असू शकतो, तिथला नसेल तर सीट कितीही चांगली असली तरी चालत नाही. अनेक देशांत उंची १३५ किंवा १५० सेंटिमीटर होईपर्यंत ती लागतेच. गाडी बघायला जाल तेव्हा मुलीला आणि बूस्टरला घेऊन जा, आणि तिला स्वतःच्या हाताने पट्टा लावून बघू द्या. काही गाड्यांत बूस्टर ठेवल्यावर पट्ट्याचं कुलूप खाली दबून जातं.

विम्याचे कागद मात्र आत्ताच, निघायच्या आधी. तुमच्या विमा कंपनीकडून लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पत्र घ्या: पॉलिसी क्रमांक, किती सलग वर्षं, किती क्लेम. परवाना पहिल्यांदा कधी मिळाला त्याचा अधिकृत उताराही घ्या, कारण नूतनीकरण झालेल्या परवान्यावर कधीकधी नवीच तारीख ठळक दिसते. सगळ्या कंपन्या हे मानत नाहीत, काही मानतात. वीस वर्षं विनाअपघात चालवलेल्या माणसाला कालच शिकलेल्या पोराच्या दराने पैसे भरावे लागतात तेव्हा फार लागतं, आणि तो राग पैशापुरता नसतो. आपलं मागचं सगळं आयुष्य कोरं धरलंय असं वाटतं. पत्रं न्या. आणि गाडी ठरवण्याआधी तिच्या नंबरावर विम्याचा दर काढा, दोन सारख्या गाड्यांत दीडपट फरक निघू शकतो.

बघायला दिवसाउजेडी जा आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगा. बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या, थंड इंजिनाची खोड कुणीतरी लपवतंय. ऑइलचं झाकण उघडा, खाली दुधी साय दिसली तर लहान फेऱ्यांचा दमटपणा असेल किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाचं सील) गेलेलं असेल. कूलंटची पातळी आणि रंग बघून ठरवा. चालू केल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड आली तर चेन सैल झालेली असू शकते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीची पांढरी वाफ चालते, गरम झाल्यावरही ती येत राहिली तर नाही.

ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून डी (पुढे), मग आर (मागे) टाका. गिअर पडायला सेकंदापेक्षा जास्त लागला किंवा धक्का बसला तर सोडून द्या. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टकटक आली तर एक्सलचा सांधा गेलाय. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी चिखलाचा डाग असेल तर गाडी पुरात सापडलेली असू शकते.

जिथे बर्फावर मीठ टाकतात तिथे गंज हाच खरा शत्रू. गाडी वर उचलून सिल (दारांखालची पट्टी), मागची सबफ्रेम (चाकांचा भाग धरणारी चौकट) आणि ब्रेकचे पाइप बघा. जुन्या गाडीला खालून ताजा काळा लेप असेल तर तो कशावर मारलाय ते विचारा.

साधा ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र) बरोबर ठेवा. एरर नसणं पुरेसं नाही, रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या केल्याच्या नोंदी) पूर्ण आहेत का ते बघा. अपूर्ण असतील तर एरर नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. १७ अंकी-अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) काचेखाली, दाराच्या चौकटीवर आणि कागदावर एकच हवा. त्यावरून रिकॉल (कंपनीने दोष काढायला गाडी परत बोलावणं) बाकी आहे का ते तपासा, आणि गाडीवर कर्ज शिल्लक आहे का तेही. काही देशांत ते कर्ज गाडीबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात येतं. शेवटी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या गॅरेजात तपासणी. तो नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा.

गाडीच्या किमतीच्या सहा-सात टक्के रक्कम बाजूला ठेवा. घेतल्याच्या आठवड्यात ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड बदला आणि बॅटरी मोजा: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. डिकीत स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा डबा, तेही बघा. स्टेपनी असेल तर एका रविवारी घरासमोर, उजेडात, तुम्ही आणि बायको दोघांनी एकेकदा चाक बदलून बघा.