माहूर वगळलं, तर साडेतीन पीठं कशी होतील?

प्रश्न थोडक्यात: साताऱ्याच्या एका वाचक ताईंनी ७४ वर्षांच्या आई आणि मावशीसाठी ‘ज्येष्ठांसाठी खास साडेतीन शक्तिपीठ यात्रा’ बुक केली. दोघींचे मिळून ३७,००० रुपये भरले. पत्रकावर व्हीलचेअर आणि सोबत मदतनीस असं छापलं होतं, प्रत्यक्षात दोन्ही मिळालं नाही. वणीला रोप-वे बंद असल्याचं ऐन गडावर कळलं, म्हणून आई खालीच बसून राहिल्या. ‘उशीर झाला’ म्हणून माहूर तर वगळलंच. पैसे मागितल्यावर संचालक म्हणाले, ‘देवीचं बोलावणं नव्हतं. पावतीवर नो रिफंड लिहिलंय.’ आईंना वाटतं, देवीच्या कामात कोर्टकचेरी नको.

उत्तर: ताई, रेणुकामातेसाठी नेलेली ओटी आई तशीच परत घेऊन आल्या, हे वाचून वाईट वाटलं. त्यांना एवढंच सांगा की नवस देवीशी असतो आणि करार यात्रा कंपनीशी. दावा देवीविरुद्ध नाही.

तुमची सगळ्यात भक्कम बाजू माहूरची आहे. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण पीठं आणि वणीचं अर्धं. माहूर गाळलं की राहतात अडीच. नांदेड जिल्ह्यातलं हे ठिकाण इतर पीठांपासून लांब आहे, हे यात्रा आखणाऱ्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे ‘उशीर झाला’ ही सबब टिकणारी नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही सेवेतली त्रुटी ठरते. छापलेला मदतनीस न देणं हेही त्यातच येतं. पावतीवरच्या ‘नो रिफंड’ने न दिलेल्या सेवेचे पैसे पचवता येत नाहीत.

वणीबाबत मात्र जपून लिहा. रोप-वे खरोखर दुरुस्तीसाठी बंद असेल, तर तो कंपनीचा दोष नाही. आधी चौकशी करून तुम्हाला कळवलं नाही, इतकाच त्यांचा दोष. तेवढाच मांडा.

आधी पत्रक शोधा. यात्रेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडू नका, सगळे संदेश जपा. बरोबरच्या दोघा-तिघांनी प्रतिज्ञापत्र दिलं तर फार उपयोग होईल. मग पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. माहूरच्या वाट्याची रक्कम, न मिळालेल्या सोयींचे पैसे आणि मानसिक त्रासाची माफक भरपाई मागा. लाखोंचा आकडा टाकण्याचा मोह टाळा, त्याने खऱ्या तक्रारीचं वजन कमी होतं.

उत्तर आलं नाही, तर साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ‘वाद पुणे न्यायालयाच्या कक्षेत’ असं पावतीवर छापलं असलं तरी बिचकू नका. तक्रारदार जिथे राहतो, तिथे तक्रार करण्याचा हक्क कलम ३४ देतं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी, अशी विनंतीही करता येते. आईंच्या गुडघ्यांसाठी ती नक्की करा. मुदत दोन वर्षांची आहे, पण सहप्रवाशांच्या आठवणी ताज्या आहेत तोवरच हालचाल करा.

वकील लागतोच असं नाही. हवा असेल, तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. पैसे तुम्ही भरले, प्रवास त्यांनी केला, म्हणून तक्रारदार तिघीही व्हा. नोटीस पाठवण्यापूर्वी आईंना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना न पटणारा शब्द असेल, तर तो काढून टाका.